कर्ज, कारभार आणि अर्पण: क्रम चुकू नये म्हणून

ठाणे आणि नवी मुंबईतल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये पैशांच्या बाबतीत दोन चुका पुन्हा पुन्हा होतात, आणि दोन्ही विश्वासाच्या नावाखाली होतात. पहिली चूक म्हणजे पाच तारखेचा हप्ता बाऊन्स झालेला असतानाही दशांश (मिळकतीचा दहावा भाग) पूर्ण भरायचा आणि क्रेडिट कार्डाची बाकी प्रभूवर सोपवून मोकळे व्हायचे. दुसरी याच्या उलट. सगळे कर्ज फिटले की देऊ, असे म्हणत हात आखडता ठेवायचा. घराचे कर्जच वीस वर्षांचे असते, त्यामुळे देण्याची वेळ कधी येतच नाही.

दोन्हीकडे मन चांगले असते, पण क्रम चुकतो. खालचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने घ्या. तिसरा आवडला म्हणून पहिला सोडला, तर दोन महिन्यांत सगळे पूर्वपदावर येते.

सुरुवातीपूर्वी: बाकी आणि थकबाकी

‘कोणाच्या ऋणात राहू नका’ हे रोमकरांस पत्रातले वचन (१३:८) बहुतेकांना पाठ असते. त्याच्या आधीचे सातवे वचन मात्र वाचले जात नाही. त्यात ज्याचे जे देणे असेल ते त्याला द्या, कर असेल तर कर, जकात असेल तर जकात, असे सांगितले आहे. दोन्ही वचने सलग वाचली की रोख कळतो: देणे देय झाले की ते अडवून ठेवायचे नाही. स्तोत्र ३७:२१ मध्येही उसने घेऊन परत न करणाऱ्याला दुष्ट म्हटले आहे, उसने घेणाऱ्याला नाही. निर्गम २२:२५ आणि मत्तय ५:४२ मध्ये उसने देणे-घेणे गृहीतच धरलेले आहे.

म्हणून प्रत्येक कर्ज पाप आहे असे सांगणे चूक. कर्ज निरुपद्रवी आहे असे सांगणेही तितकेच चूक, कारण ऋणको हा धनकोचा दास होतो, असे नीतिसूत्रे २२:७ स्पष्ट बजावते. रोजच्या व्यवहारात उपयोगी पडणारा फरक असा: वेळेवर हप्ते जात असलेले कर्ज ही बाकी, आणि तारीख उलटून गेलेले देणे ही थकबाकी. बाकी हळूहळू कमी करायची असते. थकबाकी आज मिटवायची असते. पुढचा सगळा क्रम या फरकावर उभा आहे.

तयारी: काय जमवावे

शनिवारी संध्याकाळी दोन तास काढा. रविवारच्या भक्तीनंतर, पाहुणे घरात असताना हे काम होत नाही. नवरा-बायको दोघांनी बसायचे. कमावता मुलगा किंवा मुलगी घरखर्चात हात लावत असेल, तर तिसरी खुर्ची त्यांची.

समोर ठेवायचे कागद: गेल्या तीन महिन्यांचे बँकेचे स्टेटमेंट, प्रत्येक कार्डाचे शेवटचे बिल, प्रत्येक कर्जाचे मंजुरीपत्र, पतपेढीचे पासबुक, सोनेतारणाची पावती, वाण्याची उधारीची वही आणि दोघांचा सिबिल अहवाल (कोणती कर्जे घेतली आणि ती वेळेवर फेडली का, याची नोंद). प्रत्येक क्रेडिट ब्युरोने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यासाठी कोणाला पाचशे रुपये मोजण्याची गरज नाही. अहवालात जोडीदाराला ठाऊक नसलेले कर्ज दिसले, तर त्या संध्याकाळी भांडण करू नका. फक्त यादीत लिहा. खरे आकडे समोर आल्याशिवाय पुढचे काहीच होणार नाही.

तपासा: दोघांच्या फोनमधले कर्जाचे अ‍ॅप, ‘आत्ता घ्या, नंतर द्या’ची खाती आणि ऑनलाइन दुकानांतले हप्ते बघितले का? कागदावर नसलेली देणी बहुतेक इथेच सापडतात.

टप्पा १: सगळी देणी एका कागदावर

सात रकाने आखा: कोणाचे, किती बाकी, व्याजदर, महिन्याचा हप्ता, हप्त्याची तारीख, किती थकले, जामीनदार कोण.

लोक तीन गोष्टी विसरतात. पहिली, हातउसने घेतलेले पैसे. मेहुण्याकडून, कंपनीतल्या मित्राकडून किंवा मंडळीतल्या एखाद्या मावशीकडून घेतलेले. व्याज नसल्यामुळे ते कर्ज वाटत नाही. दुसरी, आधीच उचललेली भिशी. उचलल्यानंतरचा प्रत्येक हप्ता हे कर्जच असते. तिसरी, चर्चमध्ये बोलून ठेवलेली रक्कम: इमारत निधीत जाहीर केलेले पाच हजार, हंगामाच्या सणात अर्पण झालेल्या वस्तूंच्या लिलावात लावलेली आणि अजून न भरलेली बोली. उपदेशक ५:४-५ सांगते की नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा. म्हणून तेही यादीत घ्या.

व्याजदराचा रकाना भरताना थांबा. एजंट सांगतो तो दर बऱ्याचदा ‘फ्लॅट’ असतो. एक लाख रुपये दोन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅटने घेतले, तर व्याज २४,००० आणि हप्ता सुमारे ५,१६७ रुपये होतो. मुद्दल दर महिन्याला घटत असते, व्याज मात्र पूर्ण लाखावर लागत राहते. घटत्या मुद्दलावर हिशेब केला तर खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. सावकाराचे ‘शेकडा पाच’ म्हणजे महिन्याला पाच टक्के, वर्षाला साठ. रकान्यात नेहमी वर्षाचा, घटत्या मुद्दलावरचा दर लिहा, नाहीतर चौथ्या टप्प्यात चुकीचे कर्ज आधी फेडले जाईल.

पुढच्या टप्प्यांसाठी एक नमुना धरू. कोपरखैरण्यात भाड्याने राहणारे चौघांचे कुटुंब. हातात येणारा पगार ४८,०००. भाडे १३,०००, किराणा, भाजी, गॅस आणि बाहेरचे खाणे १२,५००, शाळा ४,०००, वीज आणि मोबाइल २,५००, लोकल आणि रिक्षा २,५००, औषधे १,५००, गावी आईवडिलांना २,०००. एकूण ३८,०००. देणी अशी: कार्डावर ६०,००० (किमान भरणा ३,०००), पतपेढीचे १,२०,००० (हप्ता ४,०००), फोनचे ९,००० (हप्ता १,५००) आणि मित्राचे २०,०००, जे गेल्या नाताळाला परत करायचे ठरले होते. हप्ते ८,५००. हातात उरतात १,५००.

या घराचा दशांश ४,८०० होतो आणि शिल्लक आहे १,५००. अडचण नेमकी इथे आहे, आणि भावनेच्या भरात उचललेले कोणतेही पाऊल ती वाढवते.

टप्पा २: नवे कर्ज बंद

गळती बंद न करता टाकी भरत नाही. कार्ड कपाटात ठेवून चालत नाही. ऑनलाइन दुकाने, टॅक्सी आणि जेवणाच्या अ‍ॅपमध्ये साठवलेला त्याचा नंबर काढून टाका. बँकेच्या अ‍ॅपमधून ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा शून्यावर आणा. कार्ड मात्र बाकी फिटल्यावरच रद्द करा.

‘नो कॉस्ट’ हप्त्यावरही वस्तू घेऊ नका. त्यात अनेकदा रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट सोडावी लागते, वर प्रक्रिया शुल्कही लागते. पुढच्या सहा पगारांचा एक तुकडा आजच विकला जातो, हे नुकसान त्याहून मोठे.

सावधान: अ‍ॅपवरून कर्ज घेण्यावाचून गत्यंतर नाही असे वाटले, तर आधी चार गोष्टी बघा. कर्ज देणाऱ्या बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे नाव दिसते का? वार्षिक खर्चाचा दर सांगणारे मुख्य माहितीपत्रक मिळाले का? पैसे थेट तुमच्याच खात्यात येणार आहेत का? विचार बदलला तर मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज देऊन कर्ज परत करण्याची मुदत लिहिली आहे का? रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार हे सगळे हवेच. फोनमधले सगळे संपर्क आणि फोटो उघडून मागणारे अ‍ॅप तिथेच काढून टाका. फसवणूक झालीच, तर १९३० या सायबर क्रमांकावर लगेच फोन करा.

खासगी सावकाराला महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवाना लागतो. तो आहे की नाही हे सहकारी संस्थांच्या सहायक निबंधक कार्यालयात विचारता येते, आणि विनापरवाना सावकारीची तक्रारही तिथेच होते. कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही कोणत्याही अडचणीत करायची नाही.

टप्पा ३: अर्पणाचा पहिला, लहान वाटा

हा टप्पा कर्जफेडीच्या आधी घेतला आहे याचे काहींना आश्चर्य वाटेल, काहींना राग येईल. दोघांनी थोडे थांबून वाचावे.

फेडीपर्यंत देणे पूर्ण बंद केले, तर देण्याची सवय मोडते आणि ती परत लागत नाही. थकबाकी असताना मोठे अर्पण केले, तर ते दुसऱ्याच्या पैशातून केलेले असते. ज्या मित्राचे वीस हजार नाताळापासून अडकले आहेत, त्याचेच पैसे आपण पाकिटात घालून वेदीपुढे नेतो. आपल्याला फुकट पडलेले अर्पण परमेश्वराला वाहणार नाही, असे दावीद राजा खळ्याचा मालक अरवना याला म्हणाला आणि त्याने खळ्याची किंमत मोजली (२ शमुवेल २४:२४). पौलाचे मापही सरळ आहे: माणसाजवळ जे आहे त्या मानाने दिलेले मान्य होते, जे नाही त्या मानाने नाही (२ करिंथ ८:१२).

म्हणून रक्कम ठरवताना आधी महिन्याचा खर्च आणि सगळे देय हप्ते मोजा. त्यांना धक्का न लागता जे देता येईल ते ठरवा. एकदा ठरले की पगाराच्या दिवशी ते पहिल्यांदा बाजूला काढा. रक्कम ठरते शेवटी, पण हाताने काढली जाते आधी. नमुन्यातल्या घराला ५०० रुपये जमतील. रविवारसाठी शंभर-शंभरची पाकिटे आधीच भरून ठेवा. पाचवा रविवार आला तरी पुरतात. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीप्रमाणे बाजूला ठेवावे, हे १ करिंथ १६:२ मधले सांगणे शब्दशः इतके साधे आहे. विधवेची दोन नाणी (लूक २१:१-४) आठवा आणि शंभरच्या पाकिटाची लाज बाळगू नका.

दशांश ठोक पगारावर की हातात आलेल्यावर, हा वाद या टप्प्यात घालू नका. मंडळीप्रमाणे शिकवणही वेगळी आहे. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या दशांश हे माप मानतात. कॅथलिक चर्चमध्ये ठरावीक टक्का नाही. ऐपतीप्रमाणे चर्चच्या गरजांना हातभार लावणे हे कर्तव्य आहे. तुमच्या मंडळीत दशांशाचा आग्रह असेल, तर पाळकांना जाऊन सरळ सांगा की इतकी थकबाकी आहे, ती इतक्या महिन्यांत मिटेल, तोपर्यंत इतकेच देणार आहोत. आधी बोलून ठेवलेल्या रकमेसाठी मुदत मागायची तीही याच भेटीत.

सावधान: ‘बी पेरा, शंभरपट मिळेल, कर्ज फिटेल’ असे सांगून कोणी उसने घेऊन द्यायला लावत असेल, तर देऊ नका. मलाखी ३:१० हे वचन इस्राएल लोकांना, मंदिराच्या भांडारात धान्य आणण्याबद्दल सांगितलेले आहे. कार्डावरची बाकी नाहीशी होईल, असे त्यात कुठेही नाही. आणि २ करिंथ ९:७ मध्ये संतोषाने देणाऱ्याच्या आधी एक अट आहे: दुःखी होऊन नको, भाग पडते म्हणूनही नको.

हंगामाच्या सणाला लिलावात बसताना ठरलेली रोख रक्कम खिशात घेऊन बसा आणि फोन घरी ठेवा. पाच जणांसमोर नारळाची बोली कुठे जाते, हे सगळ्यांनी पाहिलेले आहे.

टप्पा ४: फेडीचा क्रम

हा सगळ्यात लांब चालणारा टप्पा आहे, वर्ष-दोन वर्षे लागू शकतात. क्रम असा ठेवा.

१. अन्न, भाडे, वीज, औषध, शाळा. कुटुंबाची तरतूद न करणाऱ्याला १ तीमथ्य ५:८ फार कडक शब्दांत झापते.

२. या महिन्याचे सगळे देय हप्ते. नवी थकबाकी उभी राहू द्यायची नाही. हप्ता ९० दिवस थकला की बँक खाते अनुत्पादित, म्हणजे एनपीए, ठरवते आणि पुढची बोलणी अवघड होतात. हप्त्याची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांवर आणून घ्या. बऱ्याच बँका अर्ज केल्यावर ती बदलून देतात.

३. झालेली थकबाकी. हातउसन्याची थकबाकीही इथेच, शेवटी नाही. ज्याने व्याज घेतले नाही त्यालाच आपण सर्वांत उशिरा देतो, हा अन्याय आहे. पूर्ण रक्कम जमत नसेल तर त्याला भेटा, तारीख चुकल्याबद्दल क्षमा मागा आणि महिन्याचा आकडा सांगा. नमुन्यातले घर उरलेल्या १,५०० पैकी ५०० अर्पणाला काढते आणि १,००० मित्राला देते. वीस महिन्यांत फिटते. दर महिन्याला ठरल्या दिवशी, त्याने आठवण करून देण्याआधी पैसे गेले पाहिजेत.

४. सर्वांत जास्त व्याजाचे कर्ज. शहरी घरात हे बहुधा कार्डच असते. महिना ३.५ टक्के दर धरला, तर ६०,००० वर २,१०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८. तीन हजार भरले की मुद्दलातून फक्त ५२२ कमी होतात. कार्डावर नवी खरेदी न करता दर महिन्याला ३,००० भरत राहिले, तर फिटायला सुमारे ४४ महिने लागतात आणि जवळजवळ १,३०,००० जातात. तेच ६,००० भरले, तर १४ महिन्यांत आणि साधारण ७९,००० मध्ये सुटका होते.

मग जादा ३,००० आणायचे कुठून? खर्चातून हजार-दीड हजार निघतात: कॅंटीनऐवजी डबा, वाशी किंवा ठाण्याच्या घाऊक बाजारातून दोन-तीन घरांनी मिळून आणलेले कडधान्य आणि कांदे-बटाटे, लोकलचा मासिक पास, एक मनोरंजनाचे अ‍ॅप बंद. बाकीचे पगाराबाहेरच्या कामातून येतात, शनिवारची शिकवणी किंवा शिलाई. सहा महिन्यांनी फोनचा हप्ता संपला की ते १,५०० त्याच दिवशी कार्डाकडे वळवा. ते खर्चात मिसळले की परत सापडत नाहीत.

शिवाय अलीशा संदेष्ट्याने कर्जात बुडालेल्या विधवेला विचारलेला प्रश्न स्वतःला विचारा: घरात काय आहे? (२ राजे ४:१-७) तिने तेल विकले, आधी देणे फेडले, मग उरलेल्यावर गुजराण केली. डब्यात न वापरलेली अंगठी पडून आहे आणि कार्डावर वर्षाला ४२ टक्के जात आहेत, अशी घरे थोडी नाहीत. ती अंगठी मोडणे शहाणपणाचे. गहाण ठेवणार असाल तर फक्त कार्ड पूर्ण मिटवण्यासाठी, आणि दर महिन्याला थोडे मुद्दल परत करता येईल अशाच योजनेत. वर्षअखेरीस एकरकमी भरण्याच्या योजनेत दागिने लिलावाला जातात.

५. मग पतपेढी, वैयक्तिक कर्ज. घराचे कर्ज सर्वांत शेवटी. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी भरण्याचा दंड लागत नाही, त्यामुळे तिथे घाई नाही.

या क्रमाला एकच अपवाद. एखादे लहान कर्ज तीन महिन्यांत संपणारे असेल, तर ते आधी संपवा. एक हप्ता मोकळा होतो आणि घराला धीर येतो.

तपासा: दर महिन्याच्या शेवटी एकूण बाकीचा एकच आकडा फ्रिजवर लिहा. तो सलग दोन महिने खाली आला नाही, तर दुसऱ्या टप्प्यात कुठेतरी गळती राहिली आहे.

सावधान: वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करण्याची मुभा वसुली एजंटला नाही. शिवीगाळ, नातेवाइकांना फोन, धमकी, काहीही झाले तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे शुल्क लागत नाही. मात्र छळ झाला म्हणून देणे रद्द होत नाही, हेही लक्षात असू द्या.

टप्पा ५: जामीन

मंडळीतला भाऊ येतो. पतपेढीतून कर्ज घ्यायचे आहे, ‘फक्त सही हवी आहे’ म्हणतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. त्याने भरले नाही, तर तुमच्या पगारातून कपात होऊ शकते आणि तुमच्या सिबिल अहवालावरही डाग येतो. नीतिसूत्रे ६:१-५ मध्ये यासाठी दिलेला सल्ला तातडीचा आहे: शेजाऱ्यासाठी जामीन राहिला असशील तर जा, विनवणी कर, डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस, सुटका करून घे.

आधीच सही केलेली असेल तर तीन कामे करा. कर्जदाराकडून शेवटचे स्टेटमेंट मागा. पतपेढीत लेखी अर्ज देऊन बाकी विचारा आणि दुसरा जामीनदार किंवा तारण चालेल का ते बघा. तोपर्यंत ती पूर्ण रक्कम स्वतःच्या यादीत, वेगळ्या रंगात, लिहून ठेवा.

नव्या सहीला सरळ नाही म्हणा. नुसते नाही म्हणून परत पाठवू नका; जमेल तेवढे हजार-दोन हजार परत न मागण्याच्या बोलीवर द्या आणि त्याच्या देण्यांची यादी करायला त्याच्यासोबत बसा. महिलांच्या गटकर्जातही एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या बायकांना भरावा लागतो. गटात सही करण्याआधी प्रत्येकीवर आणखी किती गटांची कर्जे आहेत, हे विचारायला संकोच करू नका.

टप्पा ६: साठा

कार्ड फिटले की त्याचे ६,००० मोकळे होतात. आता दोन डबे भरायचे.

पहिला अडीअडचणीचा, तीन महिन्यांच्या घरखर्चाइतका. नमुन्यातल्या घरासाठी १,१४,०००. हा बचत खात्यात आणि मोडता येईल अशा मुदत ठेवीत ठेवा. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँका धरून, प्रत्येक बँकेत माणशी ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतपेढीतल्या ठेवींना ते नाही, म्हणून हा डबा दोन टक्के जादा व्याजासाठी पतपेढीत ठेवू नका.

दुसरा डबा वर्षाच्या ठरलेल्या खर्चांचा. जूनमधली फी आणि वह्या, नाताळचे कपडे, केक आणि फराळ, गावची फेरी, विम्याचा हप्ता, घरात येऊ घातलेला बाप्तिस्मा किंवा दृढीकरण. सगळ्याची बेरीज करून बाराने भागा आणि तेवढी आरडी (दर महिन्याची आवर्ती ठेव) लावा. नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो, तरी जानेवारीचे कार्डाचे बिल दरवर्षी नवे वाटते.

लग्नासाठी वेगळे बोलायला हवे. हॉल, जेवण, गाऊन, बँड यांचा खर्च पाहुण्यांच्या संख्येने ठरतो, आणि ती संख्याच आधी ठरवा. दोन्ही घरांनी मागणीच्या वेळी, तारीख काढण्याआधी, रकमेचा आकडा कागदावर लिहावा. लग्नाची सुरुवात हप्त्यांनी व्हावी, हे कोणत्याही वचनात नाही.

टप्पा ७: घराचे मोठे कर्ज, घ्यायचे असेल तरच

लूक १४:२८-३० मधला बुरूज बांधणारा आधी खर्चाचा अंदाज करतो. आपल्याकडे अंदाज फक्त हप्त्याचा होतो.

कळव्यात किंवा घणसोलीत ४० लाखांचे घर धरा. ८० टक्क्यांनी कर्ज ३२ लाख, स्वतःचे ८ लाख. मुद्रांक शुल्क सुमारे ७ टक्के, म्हणजे २,८०,००० (घर स्त्रीच्या एकटीच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत). नोंदणी फी ३०,०००. म्हणजे चावी हातात येण्याआधी ११,१०,००० स्वतःचे हवेत. दलाली, सोसायटीची ठेव आणि सुतारकाम वेगळे. ८.५ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता सुमारे २७,८००, त्यावर मेंटेनन्स. सिडकोच्या सोडतीत नाव लागले तरी हीच बेरीज करा; नाव लागणे आणि परवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

परीक्षा अशी घ्या: आजचे भाडे आणि उद्याचा हप्ता यांतला फरक एक वर्ष दर महिन्याला आरडीत टाका. बारापैकी एकही हप्ता न चुकता आणि अर्पण न थांबवता जमले, तर पुढे चला. दोनदा चुकला, तर लहान घर किंवा पुढचे स्टेशन बघा.

सावधान: स्वतःचे ११ लाख वैयक्तिक कर्जातून उभे करणे हे घर गमावण्याचे सर्वांत सरळ कारण आहे.

टप्पा ८: उदारपणा वाढवणे

थकबाकी शून्य, कार्ड फिटलेले, अडीअडचणीचा डबा निम्मा भरलेला. इथपासून अर्पण वाढवा, पूर्ण भरायची वाट बघू नका. दर तीन महिन्यांनी एक टक्का वाढवत न्या. पगारवाढ झाली की वाढीव रकमेचा ठरलेला भाग, म्हणा तिसरा हिस्सा, खर्चात मिसळण्याआधी देण्याकडे वळवा. पौलाने चोरी सोडलेल्या माणसाला काम करायला सांगितले ते गरजूला देता यावे म्हणून (इफिस ४:२८). मिळकतीचा हा हेतू आहे हे मनाशी पक्के झाले की टक्क्यांचा वाद आपोआप मागे पडतो.

देण्याच्या दिशा तीन: आपली मंडळी, आपले वृद्ध आईवडील, बाहेरचा गरजू. आईवडिलांचे पैसे तोडून ते चर्चला देणाऱ्यांना येशूने कुर्बानाच्या (देवाला वाहिलेल्या दानाच्या) निमित्ताने फटकारले आहे (मार्क ७:११-१३). लेवीय १९:९-१० मधला शेतकरी बांधाकडचे पीक कापत नाही, गरिबासाठी ठेवतो. पगारदाराचा बांध म्हणजे दर महिन्याला न ठरवता ठेवलेले पाचशे-हजार: कामवालीच्या मुलीची फी, शेजारच्या आजोबांची गोळ्यांची चिठ्ठी. शक्यतो देणाऱ्याचे नाव घेणाऱ्याला कळू नये (मत्तय ६:३-४). मंडळीतल्या घराला मदत द्यायची असेल तर पाळकांमार्फत बंद पाकिटात द्या.

पण गुप्तता देणाऱ्याच्या नावाची, हिशेबाची नाही. पौलाने गोळा झालेली रक्कम एकट्याने नेली नाही, कोणी दोष देऊ नये म्हणून सोबत माणसे घेतली (२ करिंथ ८:२०-२१). तुमच्या मंडळीत दानपेटी दोन असंबंधित माणसे मिळून मोजतात का, वर्षाचा तपासलेला हिशेब वाचून दाखवतात का, क्यूआर कोडवर मंडळीचे नाव येते की एखाद्या व्यक्तीचे, हे नम्रपणे विचारा.

आयकरातली दानाची वजावट, लोक जिला ८०-जी म्हणतात, ती मान्यताप्राप्त संस्थेला दिल्यावर आणि जुनी करप्रणाली निवडली असेल तरच मिळते. २,००० च्या वर रोख दिलेले धरले जात नाही. चर्चच्या रविवारच्या अर्पणाला ती सहसा लागू नसते, त्यामुळे पावती मागण्याआधी संस्थेकडे मान्यता क्रमांक आहे का, ते पाहा.

नोकरी गेली किंवा दुखणे आले तर

पहिला हप्ता चुकण्याआधी बँकेत जा, चुकल्यावर नाही. लेखी अर्जात उत्पन्न किती उरले आणि किती महिने कमी हप्ता हवा, ते लिहा आणि पोच घ्या. अडीअडचणीचा डबा अन्न, भाडे आणि हप्ते याच क्रमाने वापरा. अर्पण थांबवावे लागले तर थांबवा. नाही त्यातून कोणी मागितलेले नाही. पाळकांना किंवा फादरना त्याच आठवड्यात कळवा आणि मंडळीने धान्य किंवा फी दिली तर घ्या. पुन्हा पगार सुरू झाला की कागद काढून पहिल्या टप्प्यातले सात रकाने नव्याने भरा.